लाकूड फोडायचं मशीन: आधी इंजिन आणि पंपाची पत्रिका जुळवा

आम्ही बनवलेलं पहिलं मशीन निलगिरी मस्त फोडायचं. ओली निलगिरी, सरळ धागा, पाचर टेकली की ओंडका दोन फाकांत मोकळा. मग वखारवाल्या अण्णांनी बाभळीचा एक गाठाळ बुंधा आणून ठेवला. पाचर दोन बोटं आत गेली, इंजिन घुमलं, काळा धूर काढला आणि बंद पडलं. हँडल मारून चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाले, "दादा, हे मशीन आहे की पाहुणा? जड काम दिसलं की झोपतंय!"

चूक इंजिनाची नव्हती, माझी होती. पाच हॉर्सपॉवरचं १५०० आरपीएमचं डिझेल इंजिन आमच्याकडे पडून होतं. पंप भंगारातून आणला, एका जुन्या लोडरचा, २२ सीसीचा. मोठा पंप म्हणजे जास्त जोर, असा साधा हिशोब. तो पंप त्या इंजिनाला जवळजवळ तिप्पट जड होता. नव्याने मशीन बांधणारे बहुतेक जण नेमकं इथंच फसतात, म्हणून हा लेख इंजिन-पंपाच्या जोडीपुरताच आहे. सांगाड्याला लोखंडी चॅनेल कोणता घ्यायचा, चाकं कुठली लावायची, ते तुमचा वेल्डर माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

कोणाचं काम काय

इंजिन पंप फिरवतं, पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि सिलिंडरचा रॉड पाचर पुढे रेटतो. जोर येतो तेलाच्या दाबातून आणि सिलिंडरच्या जाडीतून. पंप फक्त तेल ढकलतो. किती तेल ढकलतो त्यावर पाचर किती वेगाने पुढे जाईल ते ठरतं, जोराशी त्याचा थेट संबंध नाही. पंप दाब "तयार" करतो हा समजही काढून टाका. दाब ओंडका तयार करतो. पाचर हवेत पुढे सरकत असते तेव्हा दाबाच्या गेजवर जेमतेम दहा-पंधरा बार (बार हे दाबाचं माप) दिसतात. लाकडाने अडवलं की काटा चढायला लागतो, आणि तो चढेल तसा भार पंपावर, पंपाकडून इंजिनावर येतो.

म्हणून मशीनचा विचार उलट्या टोकाने करायचा. आधी ओंडका, मग सिलिंडर, मग पंप, सगळ्यात शेवटी इंजिन. घरात इंजिन पडून आहे म्हणून तिथून सुरुवात केली की आमच्यासारखं होतं.

ओंडक्यावरून सिलिंडर

आपल्याकडच्या जळणासाठी, म्हणजे बाभूळ, सुबाभूळ, चिंच, आंबा, १४ ते १६ टन जोर पुरतो. चिंचेचा बुंधा आडवातिडवा पिळलेला असेल तर तोही अडतो, पण तसल्या एखाद्या ओंडक्यासाठी सगळं मशीन दुप्पट महाग करू नका. तो बाजूला टाका किंवा कडेकडेने सोलून घ्या.

हिशोब सोपा आहे. सिलिंडरच्या आतल्या व्यासावरून क्षेत्रफळ काढा, चौरस सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला बारने गुणा. उत्तर किलोमध्ये येतं (दोन टक्के कमी येतं, ते सोडून द्या). १०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी. १७५ बारला १३,७०० किलोच्या पुढे, म्हणजे चौदा टन धरा. १२५ मिमी बोअर घेतला तर तेवढ्याच दाबाला बावीस टनांच्या आसपास. पण त्याला तेलही दीडपटीहून जास्त लागतं, म्हणून तोच पंप असेल तर पाचर तितकीच मंद होते. पहिल्या मशीनला १०० मिमी बोअर, ५० मिमी रॉड आणि ६०० मिमी स्ट्रोक, म्हणजे रॉडची धाव, घ्या. पुढचे सगळे आकडे मी याच सिलिंडरचे देतोय.

टिपर ट्रॉलीचा जॅक स्वस्तात मिळतो म्हणून तो आणू नका. तो एकाच बाजूने तेल घेतो आणि ट्रॉलीच्या वजनाने खाली बसतो. आपल्या आडव्या मशीनमध्ये त्याला मागे कोण ढकलणार? दोन्ही बाजूंनी तेल घेणारा, डबल ॲक्टिंगच हवा. जेसीबीचा जुना सिलिंडर चालतो. फक्त रॉडवरून नख फिरवून बघा. क्रोमवर नख अडकत असेल तर नवं सील महिनाभरसुद्धा टिकणार नाही.

किती वेळ थांबायची तयारी आहे?

हा सिलिंडर पूर्ण पुढे जायला ४.७ लिटर तेल लागतं. परत यायला ३.५ लिटर, कारण त्या बाजूची जागा रॉडने व्यापलेली असते. पंप मिनिटाला किती लिटर देतो ते माहीत असलं की सेकंद निघतात.

पंपावर लिटर लिहिलेले नसतात, सीसी असतात. एका फेऱ्यात किती घन सेंटिमीटर तेल जातं तो आकडा. सीसी गुणिले आरपीएम, भागिले १०००, आणि गळतीपोटी सात टक्के कमी. ६ सीसीचा पंप १५०० आरपीएमला मिनिटाला ८.४ लिटर देतो. म्हणजे पुढे जायला ३४ सेकंद, मागे यायला २५, एका फाकेमागे एक मिनिट. कागदावर मिनिट काही वाटत नाही. ओंडका हातात धरून उभे राहा, मग कळतं. एवढ्या वेळात माणूस कुऱ्हाडीने दोन ओंडके फोडून बिडी पेटवतो.

आता इंजिन

हे एकच सूत्र भिंतीवर खडूने लिहून ठेवा:

बार × लिटर प्रति मिनिट ÷ ३८० = लागणारी हॉर्सपॉवर

यात पंपाची पंधरा टक्के घट धरलेली आहे. आमच्या पहिल्या मशीनला लावून बघू. २२ सीसी, १५०० आरपीएम, घट वजा करून ३१ लिटर. १७५ बारला १७५ × ३१ ÷ ३८०, म्हणजे १४ हॉर्सपॉवर. इंजिन पाचचं! तेच सूत्र उलटं केलं की आणखी लाजिरवाणी गोष्ट कळते: पाच हॉर्सपॉवरमध्ये ३१ लिटर तेलाला जेमतेम ६१ बार दाब मिळतो. १०० मिमी सिलिंडरवर ६१ बार म्हणजे पावणेपाच टन. चौदा टनांचं म्हणून बांधलेलं मशीन पाच टनांचंही नव्हतं. निलगिरीने ते झाकून ठेवलं होतं, बाभळीने उघडं पाडलं.

पंप बदलून ६ सीसीचा लावला. १७५ × ८.४ ÷ ३८०, म्हणजे ३.९ हॉर्सपॉवर. पाचच्या इंजिनाला आरामात झेपतं. बाभूळ फुटली, इंजिन बंद पडलं नाही, पण एका फाकेला एक मिनिट. अण्णांनी तीन दिवस वापरलं आणि निरोप पाठवला की गडी मशीनजवळ बसून पेंगतात.

म्हणजे वेग घेतला की जोर जातो, जोर घेतला की वेग जातो. साध्या गियर पंपाला तिसरी वाट नाही. वाट आहे ती दोन टप्प्यांच्या पंपात.

दोन टप्प्यांचा पंप

एकाच शाफ्टवर दोन गियर जोड्या असतात, एक मोठी, एक लहान. पाचर मोकळी सरकत असते तेव्हा दोन्ही मिळून तेल देतात आणि ती झपाट्याने जाते. लाकूड लागलं, दाब साधारण ४० बारच्या वर गेला, की आतला व्हॉल्व्ह मोठ्या जोडीचं तेल विनादाब फिरवत ठेवतो आणि एकटी लहान जोडी दाब वाढवत नेते. सायकल घाटाला लागली की आपण गियर खाली टाकतो ना, तेच. इथं पाय तुमचे नाहीत, इंजिनाचे आहेत, एवढंच.

ओंडका फोडताना खरा जोर फक्त पहिले काही इंच लागतो. एकदा चीर पडली की दाब कोसळतो, पंप आपोआप पुन्हा जलद टप्प्यावर येतो आणि उरलेला प्रवास भर्रकन होतो. म्हणून या कामाला हा पंप असा चपखल बसतो.

बाजारात अमेरिकन मापाचे पंप जास्त दिसतात. त्यातला एक लहान, "११ जीपीएम" (मिनिटाला ११ गॅलन) नावाचा, ३६०० आरपीएमला मिनिटाला साधारण ४१ लिटर देतो आणि दाबाच्या टप्प्यावर साडेदहा. आता दोन्ही टप्प्यांचा हिशोब वेगवेगळा करा, कारण इंजिनाला दोन चढ चढायचे आहेत:

टप्पा बदलायच्या क्षणी: ४० × ४१ ÷ ३८० = ४.३ हॉर्सपॉवर.
पूर्ण दाबाला: १७५ × १०.५ ÷ ३८० = ४.८ हॉर्सपॉवर.

दोन्ही चढ जवळजवळ सारख्या उंचीचे आहेत. चांगली जुळलेली जोडी अशी दिसते. आणि वेग? पुढे सात सेकंद, मागे पाच, अधे लाकडाने अडवलं तर चार-पाच सेकंद जास्त.

हाच पंप १७५ ऐवजी २०७ बारला, म्हणजे त्याच्या कमाल दाबाला चालवला, तर ५.७ हॉर्सपॉवर लागते. कॅटलॉगमध्ये "कमाल" लिहिलंय म्हणून तिथंच चालवायला हवं असं नाही.

दोन टप्प्यांचा पंप जवळपास मिळाला नाही तर एकामागे एक जोडलेले दोन गियर पंप, म्हणजे टँडेम, आणि त्यावर अनलोडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे दाब चढला की एका पंपाचं तेल विनादाब सोडणारा, असंही करता येतं. काम तेच, पाइप आणि गळतीच्या जागा जास्त.

खोक्यावरची हॉर्सपॉवर आणि खरी हॉर्सपॉवर

इंजिन घेताना दुकानदार म्हणतो साडेसहा, सात. तो खोटं बोलतो असं नाही, पण तो आकडा पूर्ण रेसचा आणि अनेकदा एअर फिल्टर-सायलेन्सरशिवाय मोजलेला असतो. १९६ सीसीचं होंडाचं जीएक्स २०० घ्या. कंपनी त्याची निव्वळ ताकद ५.५ हॉर्सपॉवर देते, तीही ३६०० आरपीएमला. त्यामुळे १९६-२१२ सीसीचं कोणतंही पेट्रोल इंजिन साडेपाचचं धरा आणि त्याला ४.८ चं काम द्या. महाबळेश्वरला मशीन चालवायचं असेल (साडेतेराशे मीटर उंची) तर विरळ हवेमुळे आणखी सातवा-आठवा हिस्सा कमी करा. तिथं १७५ बारचा हट्ट सोडून दीडशेवर समाधान मानावं.

थ्री फेजची मोटार असेल तर हिशोब थोडा सैल होतो. मोटार क्षणभर दुप्पट भार ओढून नेते, नुसती गुरगुरते. पेट्रोल इंजिन तसं करत नाही, मर्यादा ओलांडली की मरतं. साध्या एका टप्प्याच्या पंपावर पाचची मोटार जे करते, त्याला पेट्रोल इंजिन नऊ-दहाचं लागतं, असा आमच्याकडे ठोकताळा आहे. डिझेलचं जड फ्लायव्हील थोडी मदत करतं, पण धक्क्यापुरती. पाच सेकंद दाब धरून ठेवायचा असेल तर फ्लायव्हीलची पुंजी कधीच संपलेली असते.

एक गैरसमज इथंच मोडतो. बरेच जण इंजिन वाचावं म्हणून रेस कमी ठेवतात. गियर पंपाला फिरवायला लागणारा पीळ दाबावर अवलंबून असतो, आरपीएमवर नाही. रेस कमी केली तर इंजिनाचा जोर घटतो, पंपाचं मागणं तेवढंच राहतं आणि ते लवकर बंद पडतं. ३००० च्या आसपास ठेवा आणि गव्हर्नरला (भार आला की आपोआप रेस सांभाळणारा भाग) त्याचं काम करू द्या.

आरपीएम आणि फिरण्याची दिशा

११ जीपीएमचा पंप १५०० च्या डिझेलला थेट जोडला तर ४१ ऐवजी १७ लिटर मिळतात. डिझेलच वापरायचं असेल तर पट्ट्याने एकास दोन पुली लावून पंप ३००० वर न्या. पण पुली थेट पंपाच्या शाफ्टवर बसवू नका. या पंपांची बुशिंग आडवा ताण सोसण्यासाठी नसतात. पट्टा शाफ्टला एका बाजूला ओढतो, काही आठवड्यांत गियर बॉडीला घासतात आणि तेलात चांदीसारखी चमक दिसायला लागते. मध्ये दोन पेडेस्टल बेअरिंगवर वेगळा शाफ्ट घ्या, त्यावर पुली, आणि तो शाफ्ट कपलिंगने पंपाला.

दिशा तपासल्याशिवाय पंप विकत घेऊ नका. लहान पेट्रोल इंजिनाच्या शाफ्टकडे तोंड करून उभे राहिलात तर तो घड्याळाच्या उलट फिरतो. पंप त्याच्यासमोर तोंडाला तोंड लावून बसतो, म्हणून पंपाच्या शाफ्टकडे बघितलं की तो घड्याळासारखा फिरणारा हवा. उलटा फिरला तर दाब सक्शनच्या, म्हणजे तेल ओढायच्या, बाजूला जातो आणि पहिल्याच मिनिटात ऑइल सील बाहेर उडतं.

कपलिंग: इथं घाई केली की पंप जातो

थेट जोडणीसाठी लव्हजॉय कपलिंग, म्हणजे दोन दातेरी हब आणि मध्ये रबरी स्पायडर. इंजिनाचा शाफ्ट बहुधा पाऊण इंची नाहीतर २० मिमी, पंपाचा अर्धा इंची. पाऊण इंच आणि २० मिमी यांतला फरक जेमतेम एक मिमीचा आहे, पण "बसतंय ना" म्हणून ढिलं बसवलं तर की-वे, म्हणजे शाफ्टवरची चावीची खाच, खाल्ली जाते. कॅलिपरने मोजा, हब लेथवर बोअर करून घ्या.

हब पंपाच्या शाफ्टवर हातोड्याने ठोकू नका. तो प्रत्येक ठोका आतल्या गियरच्या बाजूच्या प्लेटवर बसतो. हब उकळत्या पाण्यात ठेवा, पकडीने उचला, सरकवा. दोन हबांच्या मध्ये दोन मिमीची फट राहिली पाहिजे. मग सरळ पट्टी दोन्ही हबांवर आडवी ठेवा, वर आणि बाजूला. पट्टीखालून उजेड दिसला तर पाना पुन्हा हातात घ्या. मधला घंटेच्या आकाराचा तयार ब्रॅकेट मिळाला तर पैसे वाचवू नका. घरी पत्र्यात वेल्ड केलेला ब्रॅकेट थंड होताना वाकतो आणि जुळवलेलं सगळं बिघडवतो.

सक्शन पाइप आणि टाकी

पंप तेल ढकलायला पैलवान आहे, ओढायला मुडदूस झालेलं पोर. टाकी पंपाच्या वर ठेवा, तेल आपल्या वजनाने खाली यावं. सक्शनचा पाइप आखूड, सरळ आणि किमान एक इंची, सव्वा इंची असेल तर उत्तम. त्यावर बॉल व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर त्याचं हँडल उघड्या स्थितीत तारेने बांधून ठेवा. एकाने फिल्टर साफ करून व्हॉल्व्ह उघडायला विसरून मशीन चालू केलं. पंप मिनिटभर किंचाळला, आणि मग दुरुस्तीचं नाव काढता येईल असं काही त्यात उरलं नाही.

परतीच्या पाइपाकडे कोणी बघत नाही. पाचर मागे येताना सिलिंडरच्या मोठ्या बाजूचं तेल बाहेर पडतं. ४१ लिटर आत, तर ५५ लिटर बाहेर. रिटर्न फिल्टर ४० लिटरचा घेतलात तर तो गुदमरतो. साठ लिटरच्या वरचाच घ्या.

टाकी पंचवीस-तीस लिटरची, परतीचा पाइप आणि सक्शन यांच्यामध्ये उभी पट्टी, म्हणजे फेस बसायला वेळ मिळतो. तेल हायड्रॉलिक ४६ (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर). विदर्भातल्या उन्हात दिवसभर चालणार असेल तर ६८.

पहिल्यांदा चालू करताना

पंपात सक्शनच्या तोंडातून तेल ओता. इंजिनाचं स्विच बंद ठेवून दोरी सात-आठ वेळा ओढा, म्हणजे हवा निघते. रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या वर तेल परत टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू जवळजवळ पूर्ण ढिला करा. मग इंजिन चालू करून मंद रेसवर सिलिंडर रिकामाच पाच-सहा वेळा पुढेमागे न्या. टाकीतली पातळी उतरेल, भरा.

आता प्रेशर गेज. गेजशिवाय मशीन सेट करणं म्हणजे मीठ न चाखता पन्नास माणसांची आमटी करणं. रेस ३००० वर घ्या, सिलिंडर शेवटपर्यंत पुढे नेऊन लिव्हर धरून ठेवा, काटा बघा, सोडा. स्क्रू पाव फेरा आवळा, पुन्हा. लिव्हर एका वेळी तीन-चार सेकंदांहून जास्त धरू नका, तेल तापतं. १७५ ला थांबा. इंजिनाचा आवाज दबला पाहिजे, पण तुटता कामा नये.

मग एक गाठाळ ओंडका लावून कान द्या. पाचर लाकडात शिरताच इंजिन खाली बसून लगेच सावरत असेल, तर टप्पा बदलायचा दाब जास्त आहे; पंपावरचा छोटा स्क्रू थोडा ढिला करा. शिरताना ठीक, पण पुढे दाब चढत जाऊन शेवटी बंद पडत असेल, तर रिलीफ दहा बारने खाली आणा. डब्यात खडे हलवल्यासारखा पंपाचा आवाज येत असेल तर तेल पुरेसं येत नाहीये, सक्शनच्या क्लिपा तपासा. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर हवा शिरतेय, किंवा पाणी. रात्रभर ठेवून साफ झालं तर हवा.

गळती शोधताना पाइपावरून हात फिरवू नका. दीडशे बारला सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीतून आत जाते. वर नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, पण आत तेल पसरलेलं असतं. वेळ गेला तर बोट कापावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, डाग दिसेल तिथं गळती. तरीही कोणाला धार लागलीच तर त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि "दाबाखालचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगा. ओंडका ठेवणारा आणि लिव्हर चालवणारा माणूस एकच असू द्या. दोघं असले की एकाचा हात दुसऱ्याच्या घाईत सापडतो.

पहिले चार-पाच तास झाले की मशीन थांबवून कपलिंगचे ग्रब स्क्रू (हब शाफ्टवर पकडून ठेवणारे) आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, हमखास थोडे ढिले झालेले असतात. रिटर्न फिल्टर पहिल्या पन्नास तासांत बदला, कारण वेल्डिंगचा आणि पाइप कापतानाचा सगळा कचरा त्यात येऊन बसतो. आमच्या दुसऱ्या मशीनच्या फिल्टरमधून वेल्डिंगचे मोहरीएवढे दाणे निघाले होते, आणि सुतळीचा एक वीतभर तुकडा. तो आत कसा गेला ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.